कला शाखेत कलेचा इतिहास नसतो : नाशिकमधून दोन्ही एकत्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

बारावीनंतर मी मावशीला सांगितलं, की मला इतिहासाबरोबर कलेचा इतिहासही शिकायचाय. मावशी म्हणाली, "मग आर्ट्सला जातेसच की. आर्ट्स म्हणजे कलाच ना?" मला उत्तर सुचलं नाही, कारण मलाही थोडंफार तसंच वाटत होतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी वाट पाहत राहिले, आज ना उद्या लेणी येतील, शिल्पं येतील. आली ती सातवाहनांच्या प्रकरणाच्या शेवटी, 'सांस्कृतिक प्रगती' या मथळ्याखाली, दीड पानात.

त्या दीड पानावर ज्यांचं पोट भरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. नाशिकमध्ये बी.ए. आणि पुण्यात एम.ए. असा माझा रस्ता होता. मध्ये दोनदा वाट चुकले, त्या जागाही सांगते. 'इतिहास आणि कलेतिहास' अशी जोडपदवी आपल्याकडच्या कॉलेजांत सहसा मिळत नाही. जोडणी आपली आपणच करायची असते.

१. आधी नावांचा घोळ निस्तरा

फॉर्म भरताना चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वासाच्या वाटतात.

इतिहास म्हणजे नेहमीचं बी.ए., एम.ए. राज्यं, अर्थव्यवस्था, समाज, चळवळी, आणि पुरावा बहुतेक लिखित. कलेतिहासात पुरावा म्हणजे ती वस्तूच: खांब, मूर्ती, चित्र, नाणं. ती कुणी घडवून घेतली, पैसा कुठून आला, ती अशीच का दिसते, तिच्यासारखी आणखी कुठे आहे, हे प्रश्न. फाइन आर्ट म्हणजे स्वतः चित्र काढणं, शिल्प घडवणं. तिथे कलेतिहासाचा एखादा पेपर असतो, पण दिवस स्टुडिओत जातो. चौथं नाव लांबलचक आहे, 'प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व'. महाराष्ट्रात राहून दोन्ही विषय एका छपराखाली हवे असतील, तर ते बहुतेक वेळा या लांब नावाखाली सापडतात. ते मला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी कळलं.

कलेतिहासाला चित्रकला यावी लागते का, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली नसली तरी काही अडत नाही. वहीत खांबाची वेडीवाकडी आकृती काढता आली की झालं, आणि तीही सुंदर नको, खरी हवी.

२. बी.ए.ला काय घ्याल

माझ्या वेळी 'जनरल' आणि 'स्पेशल'चा जमाना होता. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) अशी विभागणी आहे. संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५पासून आली. मेजर इतिहास घ्या, त्यात डोकं लढवण्यासारखं काही नाही. खरी निवड मायनरची.

माझ्या मावसबहिणीने मायनर निवडताना मैत्रीण कुठल्या रांगेत उभी आहे ते पाहिलं. तुम्ही तसं करू नका. कॉलेजात संस्कृत किंवा पाली असेल तर तेच घ्या. लेणी-मंदिरांकडे वळायचं असेल तर भाषा पुढे जितकी उपयोगी पडते तितकं दुसरं काही पडत नाही, आणि विशीनंतर विभक्ती पाठ करणं किती जड जातं हे मी अनुभवलंय. भाषा नसेल तर भूगोल. नकाशा वाचता येणारा इतिहासाचा विद्यार्थी तसा दुर्मीळच.

प्रवेशाआधी विभागात जाऊन तीन गोष्टी तोंडी विचारा. हा मायनर पुढच्या वर्षीही चालणार आहे का? (मुलं कमी पडली की तो बंद होऊ शकतो, आणि माहितीपुस्तिकेत तो छापलेला राहतो.) फील्ड प्रोजेक्टचा विषय आपण सुचवू शकतो का? आणि विभागाची सहल जाते ती अभ्यासाला, की फोटो काढायला?

फील्ड प्रोजेक्ट आता अभ्यासक्रमाचाच भाग आहे. निम्मी मुलं तो शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी बघून उतरवतात. तुमच्यासाठी मात्र कलेतिहास शिरवायची ती सरळ फट आहे. विषय लहान घ्या. 'नाशिकची मंदिरे' नको, 'सुंदरनारायण मंदिराचा एक दरवाजा' चालेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, म्हणजे एक नियमित आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन असं जमतं. पण पहिल्याच वर्षी दोन्हीकडे नाव घालू नका. पहिलं सत्र जाऊ द्या, आपला वेग कळू द्या.

३. पांडवलेणी : पहिला धडा इथेच

घरापासून अर्ध्या तासावर चोवीस लेणी असताना आपण अजिंठ्याच्या सहलीची वाट पाहतो, ही नाशिककरांची खोड. फाळके स्मारकापर्यंत सगळे जातात, वरची पंधरा-वीस मिनिटांची चढण टाळतात. तुम्ही चढा, आणि पहिल्या दिवशी दोनच लेणी पाहा. क्रमांक १० आणि क्रमांक ३, याच क्रमाने.

बरोबर घ्यायचं ते इतकंच : वही, पेन्सिल, टॉर्च, पाणी. मोबाईल आहेच. ट्रायपॉड नको, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अक्षरांवर पावडर, खडू, ओला हात, काहीही फिरवायचं नाही. कुणी फिरवताना दिसलं तर टोका.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभं राहा. हा नहपानाच्या, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रपाच्या (राजाच्या) काळातला विहार, भिक्षूंनी राहायचं लेणं, आत सोळा खोल्या. दान देणारा नहपानाचा जावई उषवदात. नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचंही नाव इथे कोरलेलं आहे. टॉर्च समोरून मारली तर भिंत सपाट दिसते. ती भिंतीला चिकटवून आडवी धरा. उजेड घासून गेला की अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ब्राह्मी या प्राचीन लिपीतली ओळ पाण्यातून वर यावी तशी उठते. हे मला एका चौकीदारकाकांनी दाखवलं, कुठल्याही वर्गात नाही.

त्या लेखांपैकी एकाचा हिशेब बघा. उषवदाताने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांवर वर्षाला दोनशे चाळीस येतात. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा, म्हणजे तेही दोनशे चाळीस. हिशेब पैशापैशाला जुळतो. आणि हे गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडवरचं गोवर्धनच. मुक्त विद्यापीठात जाताना लागतं ते. अर्थव्यवस्थेच्या पेपरात 'श्रेणींचे कार्य' असा पाच गुणांचा प्रश्न येतो, त्याचं उत्तर इथे भिंतीवर आहे.

इथवर इतिहास झाला. आता वही उघडा आणि खांब काढा. खालचा तळखडा, मधला दांडा, वर घंटेसारखं शीर्ष, त्यावर प्राणी. घंटेची उंची दांड्याच्या मानाने किती, ते वितीने डोळ्यांसमोर मोजा. हात लावायची गरज नाही.

मग तिसऱ्या लेण्यात या. इथे सातवाहनांचा अंमल आहे. ओसरीच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तिने दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गायली आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने क्षहरातांचा वंश निरवशेष केला, तो हा. मूळ शब्द 'खखरातवसनिरवसेसकर'. वाचताना अजूनही छाती थोडी फुगते.

आता मान वळवा आणि खांब बघा. निरवशेष केलेल्या त्याच क्षहरातांच्या विहारातले खांब समोर ठेवून हे घडवलेले दिसतात. तीच घंटा, वर तसेच प्राणी. फक्त इथली घंटा आखूड आणि जरा बसकी, आणि खांबांना तळखडे नाहीत, ते ओसरीच्या कट्ट्यावरून उठतात. दर्शनी भागाखाली सहा बुटके गण भार तोलून उभे आहेत, ती इथली भर. खोल्याही दोन जास्त, अठरा.

लेख सांगतो की शत्रूचा मागमूस ठेवला नाही. खांब सांगतो की शत्रूचा विहार आवडला होता, आणि आपलाही तसाच, पण थोडा मोठा हवा होता. नुसता इतिहास शिकलेला माणूस लेख उतरवून घेऊन घरी जाईल. नुसता कलेतिहास शिकलेला घंटेचं प्रमाण मोजेल. दोघांनी एकाच ओसरीत उभं राहायला हवं, म्हणून हा सगळा खटाटोप.

इथली माझी चूक ऐका. पहिल्या प्रोजेक्टसाठी मी एका दुपारी तीनशेच्या वर फोटो काढले आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही. घरी आल्यावर कुठला खांब कुठल्या लेण्यातला हे ओळखता येईना. सगळ्या घंटा सारख्या. दोन आठवड्यांनी पुन्हा चढले. तेव्हापासून प्रत्येक लेण्यात शिरताना पहिला फोटो वहीच्या पानाचा काढते, ज्यावर लेण्याचा क्रमांक, तारीख आणि उभी राहिलेली बाजू लिहिलेली असते. नंतरचे फोटो आपोआप त्या पानाखाली येतात.

आणि हो, पांडवांचा इथे काही संबंध नाही. लेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. पण रिक्षावाल्याला 'त्रिरश्मी' सांगू नका, शहरातल्या द्वारका चौकात उतरवेल.

४. लिपी : एक आत्ता, एक नंतर

ब्राह्मी मुळाक्षरं शिकायला पंधरा दिवस पुरतात, रोज अर्धा तास. सातवाहन काळातली वळणं अशोकाच्या ब्राह्मीपेक्षा थोडी वेगळी आहेत, म्हणून तक्ता घेताना इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा घ्या. मी अशोकाचा तक्ता घेऊन गेले होते आणि 'दक्षमित्रा'पाशीच अडकले. अक्षरं लागली तरी भाषा प्राकृत असते. पण मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही.

मध्ययुग किंवा मराठेशाही हा तुमचा प्रांत असेल, तर मोडी. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आले आहेत. पेशवेकालीन मंदिर आणि ते बांधणाऱ्याची कागदपत्रं हीसुद्धा तितकीच चांगली जोडी आहे. नारोशंकराचं मंदिर, काळाराम, सुंदरनारायण, सगळं पंचवटीच्या आसपास पायी फिरता येतं. काळारामाला मात्र दोन वेळा जा. एकदा पेशवाईतल्या दगडी बांधकामासाठी, एकदा २ मार्च १९३०ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहासाठी. एकाच दरवाजाचे दोन इतिहास आहेत.

दोन्ही लिप्या एकदम सुरू करणाऱ्यांना एकही येत नाही.

५. नाशिकमध्ये बसायच्या आणि भटकायच्या जागा

सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', १८४०चं आहे. सभासद व्हा. १८८३चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर कुठूनही मिळवून वाचा. जुनं असल्याने ते आता फुकट उतरवूनही घेता येतं. पांडवलेण्यांवर पंडित भगवानलाल इंद्रजींनी केलेलं काम त्यात आहे. त्यातले निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका, नंतर बरंच दुरुस्त झालंय. निरीक्षण कसं लिहायचं ते मात्र त्यातून शिका.

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर एसटीने तासाभरावर. यादवकाळातलं, भूमिज शैलीतलं, मधे मोठं मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार छोटी, असं पंचायतन. 'शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्या माळा' हे वाक्य वर्गात तीनदा ऐकूनही मला कळलं नव्हतं. तिथल्या हिरवळीवर पाच मिनिटं बसल्यावर कळलं.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, विद्यार्थी असल्याचं पत्र जवळ ठेवा.

नाणी कशासाठी बघायची, ते सांगते. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, त्याचा चेहरा असलेली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता : एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं). अशा नाण्याचा मोठा केलेला फोटो मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक बाहेर डोकावत होतं. तिसऱ्या लेण्यात शब्दांनी पुसलेला माणूस इथे चांदीत अर्धा शिल्लक होता. माझा एम.ए.चा विषय त्या नाकाने ठरवला.

६. एम.ए.ला कुठे

सर्वांत जवळची आणि मला सर्वांत पटलेली वाट म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. १८२१पासूनचा वारसा, १९३९पासून संशोधन संस्था, आता अभिमत विद्यापीठ. नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१मध्ये उत्खनन झालं ते इथल्याच ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी केलेलं. प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो.

निव्वळ कलेतिहासच करायचा तर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. तिथे फाइन आर्ट्समध्ये कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे आणि आधुनिक कलेकडे कल असेल तर ते उत्तम. दिल्लीत जेएनयूचं कला आणि सौंदर्यशास्त्राचं स्कूल आहे. त्यासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिची तारीख बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेच्या किती तरी आधी निघून जाते. हा मोठा सापळा. नाशिकमधली हुशार मुलं निकाल लागल्यावर चौकशी सुरू करतात. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत सुरू करा.

इतिहासातच एम.ए. करून कलेतिहासाची जोड द्यायची असेल, तर मुंबईत संग्रहालयांचे पदविका अभ्यासक्रम असतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्हींवर लक्ष ठेवा. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येणारे मी पाहिलेत. ते शक्य आहे, सुखाचं नाही.

नेटचा, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, विचार आत्ताच डोक्यात असू द्या. इतिहास, पुरातत्त्व, भारतीय संस्कृती, दृश्यकला हे तिथे वेगवेगळे विषय आहेत, आणि कलेतिहास दृश्यकलेत येतो. आपली एम.ए. कुठल्या विषयाला चालते हे प्रवेश घेण्यापूर्वी पाहा, घेतल्यावर नव्हे.

नोकरीबद्दल घरचे विचारतीलच. अध्यापन, पुरातत्त्व खातं, संग्रहालयं, वारसा-जतन करणाऱ्या वास्तुविशारदांकडे दस्तऐवजीकरण, प्रकाशन. जागा थोड्या आहेत आणि वाट लांब आहे. बाबांना मी हेच सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुला माहीत आहे ना? मग झालं."

७. कागदपत्रं

बी.ए.च्या प्रवेशाला :
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मूळ आणि चार-चार झेरॉक्स
- शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा दाखला (मूळ देण्याआधी रंगीत स्कॅन करून ठेवा, नंतर हातात येत नाही)
- आधार, अपार आयडी, बँक खातं आधारला जोडलेलं
- लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर
- उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला (महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी लागतात, सेतूत जूनमध्ये रांग असते, एप्रिलमध्ये काढा)
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप प्रमाणपत्र

एम.ए.ला याशिवाय सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं आणि एखादा लिहिलेला प्रोजेक्ट. शिफारसपत्र मागायला जाताना तो प्रोजेक्ट हातात असू द्या. साठ मुलांच्या वर्गात सरांना तुमचा चेहरा आठवतो, काम आठवत नाही.

राहिलं मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना लागणारा दाखला. अभिमत विद्यापीठ हे वेगळं विद्यापीठ असतं, मग ते पुण्यातच का असेना. माझं नाशिकचं कॉलेज पुणे विद्यापीठाशी संलग्न, म्हणून मी समजले, पुण्याहून पुण्यात कसलं आलंय मायग्रेशन. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर ते मागितलं. हमीपत्र लिहून देऊन पंधरा दिवसांची मुदत मिळवली, आणि त्या पंधरा दिवसांत तीनदा नाशिक-पुणे केलं. दर वेळी एक वेगळी सही राहिलेली असायची. चौदाव्या दिवशी दुपारी साडेचारला कागद हातात आला. तुम्ही निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज करून टाका, जायचं कुठे ते ठरलेलं नसलं तरी.